ताणलेली चेन

मी चेन बोलतेय. गळ्यातली नव्हे. ती बोलत नाही, नुसती मिरवते. मी सायकलची चेन, आणि तीही साध्यासुध्या सायकलची नाही, पोटात विजेची मोटर असलेल्या सायकलची. सध्या माझा मुक्काम गॅरेजमधल्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. शेजारी झिजलेले ब्रेक पॅड आहेत आणि एक वाकडा खिळा आहे. खिळा तोंड उघडत नाही आणि पॅडना कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझ्या जन्माचं फार कौतुक सांगत नाही. कारखान्यात कडीला कडी लागली, पिना ठोकल्या, झालं. माझ्यासारख्या ढीगभर बहिणी त्याच पाळीत जन्मल्या. तेव्हा आमचं नाव ठेवायला कुणाला वेळ नव्हता. नावं ठेवायला मात्र पुढे सगळ्यांनाच वेळ मिळाला.

नशिबाने मला ही सायकल मिळाली. सायकलच्या घराण्यात मान कुणाचा, तर मोटरचा. काही सायकलींची मोटर चाकातच बसते. तिथे चेन तुटली तरी चाक फिरतं. आमची मोटर बसते मधोमध, पॅडलच्या बुडाशी. ती जोर लावते तो माझ्यावर, आणि मी तो मागच्या चाकापर्यंत ओढून नेते. पाय माणसाचे, जोर मोटरचा आणि ओढाताण माझी. मी नसेन तर ती मोटर म्हणजे नुसता गुरगुरणारा धोंडा. पण बघणारे म्हणतात, "वा, काय मोटर आहे!" आणि मोटरबाई आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात.

सायकल बाईंची. बाई रक्त तपासणी केंद्रात काम करतात, लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढतात. आधी सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीची शाळा, यात त्यांची बरीच वर्षं घरात गेली होती. आता पुन्हा काम मिळालं होतं, पण कच्चं. तीन महिने बघू, मग ठरवू, असं केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. केंद्र टेकडीच्या पलीकडे. बस टेकडीला वळसा घालून जाते आणि वाटेत प्रत्येक खांबाची विचारपूस करते. म्हणून ही सायकल. मुलीला एकदा बाई म्हणाल्या होत्या, "हे काम गेलं ना, तर पुन्हा बाहेर पडायचा धीर मला व्हायचा नाही." ते मी ऐकलं होतं.

बाईंचे यजमान घरूनच कॉम्प्युटरवर काम करतात. मी त्यांना हौशीराव म्हणते. मनाने लोण्यासारखा माणूस, पण काही बदलायचं म्हटलं की यांचे हात शिवशिवतात आणि पुसायचं म्हटलं की कंबर धरते. आधी गुबगुबीत सीट आली. मग जाड टायर. मग तीन तऱ्हांनी ओरडणारा हॉर्न. पुढचा दिवा असा, की समोरून येणारा माणूस डोळ्यांवर हात घेऊन शिव्या देतो. शेवटी हँडलवर रंगीत पडदा आला.

"अगं, बघ तरी! यात नकाशासुद्धा दिसतो."

"कामाचा रस्ता मला पाठ आहे हो. चढावर खाडखाड आवाज येतो त्याचं काय?"

"होईल सवय."

"कुणाला? मला की सायकलला?"

ती खाडखाड माझी होती. चेन म्हातारी होते म्हणजे लांबते. रबरासारखी नव्हे, प्रत्येक सांध्यातली पिन कणाकणाने झिजते आणि मी हळूहळू ढिली पडते. मग गिअरच्या दात्यांवर माझा पाय ठरत नाही, मी घसरते. पायांचा आणि मोटरचा, दोघांचा जोर ओढल्यावर हे होणारच. त्याला औषध नाही, बदलणं एवढाच उपाय. तोवर निदान धूळ पुसावी, थेंबभर तेल द्यावं. माझ्या अंगावर तेव्हा इतका काळा चिखल साचला होता की त्यात भाजी लावता आली असती.

हौशीरावांना हे कळत नव्हतं असं नाही. चेन किती लांबली ते मोजायची पट्टीसुद्धा त्यांनी मागवली. ती आली त्या दिवशी माझ्या कड्यांत घालून पाहिली. पट्टी सरळ आत पडली, म्हणजे माझे दिवस भरलेले. हौशीरावांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पट्टीच खोटी दिसते." मग दुसरी पट्टी मागवली. तीही पडली. "दोन्ही एकाच कारखान्यातल्या असणार," असा निकाल देऊन त्यांनी दोन्ही पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगल्या. दिसायला छान दिसतात.

खरं कारण वेगळंच होतं. एकदा शेजाऱ्याला ते सांगताना मी ऐकलं, "चेन बदलून दिसतं काय? कुणाला कळतं तरी का?" पटलं मला. मी काही पडद्यासारखी चमकत नाही.

बाईंचा पाय मात्र शहाणा. गिअर बदलताना त्या पॅडलवरचा जोर क्षणभर काढतात, मला सरकायला उसंत देतात. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. हौशीराव रविवारी चक्कर मारायला निघाले की पूर्ण जोरात गिअर ओढायचे आणि माझ्या तोंडून आईमाई निघायची.

पण बाईंच्या शहाणपणाने माझी झीज थोडीच भरून निघणार? चढावर मी घसरायला लागले, दात्यांवरून खाली पडायला लागले. बाई उतरायच्या, काडीने मला वर चढवायच्या, पुन्हा निघायच्या. एकदा उशीर झाला, मग पुन्हा झाला. केंद्राच्या खिडकीखालीच सायकल उभी असते, त्यामुळे आतलं सगळं माझ्या कानावर पडायचं. रक्त द्यायला आलेली माणसं रात्रीपासून उपाशी असतात आणि उपाशी माणसाच्या जिभेला हाड नसतं.

"आमच्या पोटात कावळे ओरडतायत आणि तुम्ही आत्ता उगवताय!" एक काका गरजले होते.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बाईंना बाजूला घेतलं. "तुमचा हात हलका आहे. लोक मुद्दाम तुम्हालाच मागतात. पण सकाळी दार उघडायला माणूस वेळेवर लागतो. आता पुन्हा उशीर झाला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. राग मानू नका."

बाईंनी राग मानला नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन हौशीरावांना स्पष्ट सांगितलं, "उद्या काहीही झालं तरी मला वेळेवर पोचायला हवं. आज ती चेन बघा."

"बघतो," हौशीराव म्हणाले. आणि खरंच, दार लावून गॅरेजमध्ये बसले, घाम गाळला, गाणंही गुणगुणले. मला वाटलं, सुटले एकदाची. पण त्यांनी केलं काय? मागच्या चाकाचे जुने गिअर काढले आणि नवे कोरे, झगझगीत गिअर बसवले. त्यावर पुन्हा मलाच चढवलं!

आता तुम्हीच सांगा. जुने दाते माझ्याबरोबरच झिजलेले होते, आमचं कसंबसं जमत होतं. नव्या दात्यांची मापं नवी, माझी जुनी. आमचं सूत जुळणार कसं? आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हौशीराव मात्र मागे सरून दुरून बघत होते आणि स्वतःवर खूष होते.

सकाळी बाई निघाल्या. सपाटीवर मी ओठ आवळून गेले. टेकडीचा पायथा आला तसा मोटरने अंगात आल्यासारखा जोर लावला. मी घसरले. पुन्हा घसरले. एका कडीचा पत्रा चिरला, ते मला स्वतःला ऐकू आलं. आणखी एक झटका बसला असता तर तिथेच रस्त्यात माझा निकाल लागला असता.

बाईंनी ओळखलं. कसं ते मला माहीत नाही, पायांना कळलं असावं. त्यांनी सगळ्यात हलका गिअर घेतला. मग हँडलवरचं बटण दाबत दाबत मोटरचा जोर जवळजवळ काढूनच टाकला. मोटरबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला असता, चेहरा असता तर! मग बाईंनी स्वतःच्या पायांनी, हळू, एकसारखं, एकही हिसका न देता चढ चढायला घेतला. धाप लागली होती. घाम टपटप माझ्यावर पडत होता.

"धर गं," त्या पुटपुटल्या. "एवढा चढ धर, बाई."

मला आजवर कुणी "गं" म्हटलं नव्हतं. मी धरलं. त्या चिरलेल्या कडीत जेवढा म्हणून जीव उरला होता तेवढा लावून धरलं. आयुष्यात मी बरीच ओढाताण केली, पण आपल्या मर्जीने ती एवढीच.

माथा आला. चढ संपला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढचं पॅडल मारलं, तशी मी खळ्ळकन तुटून रस्त्यावर पडले.

बाई उतरल्या. दोन शब्द बोलल्या, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. मग त्यांनी मला चिखलासकट उघड्या हातांनी उचललं, गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत कोंबलं. सायकलवर बसल्या आणि उतारावरून सुसाट निघाल्या. पॅडल नाही, मोटर नाही, नुसता ब्रेक आणि वारा. शेवटच्या वळणानंतर रस्ता सपाट होता, तिथे सायकल हातात धरून पळत गेल्या.

दार वेळेवर उघडलं. मी पिशवीतून, डब्याला टेकून, सगळं ऐकत होते. रांगेत पहिले तेच काका.

"या हातांनी टोचणार आम्हाला?" ते किंचाळले. बाईंचे हात मनगटापर्यंत काळेकुट्ट झाले होते.

"हात धुते, काका. तोवर तुम्ही बाही वर करा."

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. रांग सरकत होती. बाईंच्या नखांत अजून काळं होतं, तिकडे त्यांचं लक्ष गेलं.

"काय झालं?"

"चेन तुटली."

"मग आलात कशा?"

"उताराने."

डॉक्टरीणबाई हसल्या. "हातमोजे दोन-दोन घाला आज," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या माणसाचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही काढला नाही. महिनाअखेरीला बाईंचं काम पक्कं झालं.

त्या संध्याकाळी जेवायच्या टेबलावर हौशीरावांनी मागवलेलं एक नवं पार्सल होतं. बाईंनी पिशवीतून मला काढलं आणि त्या पार्सलवर ठेवलं. खोक्यावर काळा डाग पडला.

हौशीरावांचा चेहरा उतरला. "तुटली? कुठे?"

"माथ्यावर."

"बरं झालं, मोटर दणकट होती म्हणून पोचलीस."

इतका राग मला जन्मात आला नव्हता. पण बाईच म्हणाल्या, "मोटर? तिला मी गप्प बसवली होती. या बिचारीने चढवलं मला. हिला बघा म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"अगं, मी गिअर नवीन बसवले. तुझ्यासाठीच तर आणतो सगळं."

"ठाऊक आहे मला. पण मला भेटी नकोत हो. मला पोचायचंय."

हौशीरावांनी खोक्यावरचा काळा डाग बोटाने पुसून पाहिला. मग खाली बघत म्हणाले, "तुझ्या कामातलं मला काही कळत नाही. रक्त दिसलं तरी मला भोवळ येते. तू इतक्या वर्षांनी बाहेर पडलीस, म्हटलं आपलाही त्यात काही हात असावा. नवीन काही लावलं की तुला दिसतं तरी, की मी केलं."

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "न दिसणारं करा," त्या म्हणाल्या. "मला कळेल ते."

दुसऱ्या दिवशी नवी चेन आली. दोघांनी मिळून बसवली. पहिल्यांदा उलटी बसवली, भांडले, मग सुलटी बसवली.

आता माझ्या शेवटाचं सांगते. रविवारी हौशीराव मला रॉकेलच्या वाटीत बुडवून जुन्या टूथब्रशने घासत बसले होते. आयुष्यातली पहिली आंघोळ, तीही मेल्यावर! कडी न् कडी चकचकीत केली. मला फ्रेममध्ये बसवून भिंतीवर लावायचा बेत होता, आठवण म्हणून. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही विरघळले. भिंतीवर त्या दोन पट्ट्यांच्या शेजारी जागाही रिकामी होती.

बाई आल्या आणि त्यांनी मला हौशीरावांच्या हातातून काढून घेतलं. "हिला काय घासताय? हिचं झालं आता. जी चालतेय तिला पुसा." आणि मला या डब्यात टाकलं.

वाईट वाटलं का? वाटलं. पण बाईंचं बरोबर होतं. आमच्यातल्या म्हाताऱ्या रडतात, आम्हाला टाकू नका म्हणून. माझं मागणं उलटं आहे. मी झिजले की मला वेळेत टाका, उगाच कुणाला अर्ध्या चढावर अडकायला लावू नका. शोभेला टांगू नका. भंगारात द्या, वितळू द्या, पुढे कुठे तरी कामाला लागेन. जे काही लाड करायचे ते चालतीचे करा.

डब्याचं झाकण अर्धवट उघडं आहे, त्यातून मला समोरचं दिसतंय. हौशीराव नव्या चेनसमोर मांडी घालून बसलेत. एका हाताने पॅडल उलटं फिरवतायत, दुसऱ्या हातातल्या फडक्याने तिला पुसतायत. मग एकेका सांध्यावर तेलाचा एकेक थेंब. तिला गुदगुल्या होत असणार. मला जळफळाट होतोय, कबूल करते.

"उद्या दार किती वाजता उघडायचं असतं गं तुला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

बाई दारात थांबल्या. "इतके दिवस झाले, आज विचारताय?"

"आज विचारतोय."

बाईंनी वेळ सांगितली. मग त्याही खाली बसल्या आणि पॅडल फिरवायला घेतलं, म्हणजे हौशीरावांना दोन्ही हातांनी पुसता येईल.