प्रत्येकाची एक खोट

आमच्या भिवंडीकडच्या आगरी लग्नाची पत्रिका ज्यानं पाहिली आहे त्याला ठाऊक आहे, की तिच्यात नवरा-नवरी शोधावी लागतात. आशीर्वाद देणारे, निमंत्रक, व्यवस्थापक, झालंच तर मावशीच्या लग्नाला यायचा हट्ट धरणारी चिल्लीपिल्ली, सगळे तिथं मांडी ठोकून बसलेले असतात. दीपेशनं बहिणीची, मृणालीची, पत्रिका स्वतःच कॉम्प्युटरवर मांडली. अक्षर बारीक करता करता मुंगीएवढं झालं, पण त्यानं एक नाव गाळलं नाही. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही, आलाच तर जेवत नाही, आणि जेवला तर जन्मभर ते बोलून दाखवतो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत दीपेश दुसरी एक यादी करत होता. तिच्यात नावं गाळणं हेच काम होतं.

दीपेश आणि त्याची कॉलेजातली मैत्रीण धम्मदिना धामणकर नाक्याजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर, लोकांना वेबसाईट बनवून देत. मागच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमची खटखट, पुढे रिक्षांचे हॉर्न, मध्ये ही दोघं. कामापेक्षा त्यांना फोन जास्त येत. कल्याणची कोणी विचारी, मराठी अक्षरं मोडणार नाहीत असा फॉन्ट कुठला? शहापूरचा कोणी विचारी, फुकटात फोटो कुठं मिळतील, साईट हळू चालते ती कशानं तपासायची? इंटरनेटवर असल्या साधनांच्या याद्या पुष्कळ होत्या, पण त्यात हजारो नावं कोंबलेली आणि निम्मी उघडतसुद्धा नव्हती. शेवटी एक दिवस धम्मदिना वैतागून म्हणाली की रोज तेच तेच सांगण्यापेक्षा आपणच इंटरनेटवर निवडक साधनांची एक यादी करू, मराठीत, वेबसाईटचं काम करणाऱ्यांसाठी. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'चाळण'.

चाळणीचे कायदे धम्मदिनानं केले, आणि ती कायदे करते तेव्हा पळवाट ठेवत नाही. पहिला कायदा असा की दोघांनी खऱ्या कामात वापरल्याशिवाय कुठलीही वस्तू आत घ्यायची नाही. दुसरा, ती तिच्या जुन्या फोनवर उघडली पाहिजे. त्या फोनची काच तडकलेली होती आणि त्याला कसलीच घाई नसे. तिसरा कायदा सगळ्यांत खाष्ट होता. प्रत्येक नोंदीखाली त्या वस्तूची एक खोट लिहायचीच. फॉन्ट देखणा आहे, खोट ही की जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर येतात. फॉर्म बनवायचं साधन सोपं आहे, खोट ही की मदत मागितली तर कोणी विचारत नाही. दीपेशला आधी वाटलं, नावं ठेवणारी यादी कोण वाचेल? पण लोक वाचू लागले. नाशिकच्या एकानं तर कळवलं की मी आधी खोट वाचतो, मग बाकीचं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग विकीनं आपली साईट चाळणीत घ्यायला पाठवली.

विकी म्हणजे दीपेशच्या मामाचा मुलगा. काळूराम मामा पडघ्याच्या अलीकडे राहतो, दीपेशच्या आईचा एकुलता एक भाऊ. विकीनं आधी जिम काढून पाहिली, मग डीजे, मग मोबाईल दुरुस्ती. मग लग्नाचे फोटो काढू लागला, आणि आता 'विकी वेब वर्ल्ड' नावानं तयार डिझाइनांचं दुकान उघडलं होतं. धम्मदिनानं ते जुन्या फोनवर लावलं. पडद्यावर गोल फिरू लागला. खालून चहा आला, चहा पिऊन झाला, कप परत गेले, गोल फिरतच होता. तिनं फोन पालथा घातला आणि दुसऱ्या कामाला लागली.

दीपेशनं मामाच्या घरी यातलं काही कळवलं नाही. आपोआप विसरतील, असं त्याला वाटलं. आगरी माणूस राहिलेलं नाव विसरेल असं वाटणं ही त्याची चूक.

आठवड्याभरात मामाचा आईला फोन आला. भाच्याच्या यादीत माझ्या पोराला जागा नसेल, तर माझं नाव तरी तुमच्या पत्रिकेत कशाला, एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. आई, पार्वतीबाई, फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. मृणालीला बोहल्यावर मामानं आणायचं. भटजी हाक मारतील, मुलीच्या मामांनी मुलीला आणावं, आणि तिथं कोणीच नसेल. एकच तर भाऊ त्यांना. त्यांचे डोळे भरून आले ते पाहून दीपेशला चाळण, खोट आणि तो जुना फोन, सगळं नको झालं.

"घाल की एक नाव," आई म्हणाली. "तुझे यादीला काय धाड भरलीय?"

"आई, तांदूळ निवडताना मामाच्या शेतातला खडा म्हणून तू ठेवून देतेस का?"

"न्हाय. काढते," आई म्हणाली. "पण मामाला सांगत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दीपेशनं चाळण उघडली आणि 'विकी वेब वर्ल्ड' असं टाइपही केलं. एक बटण दाबलं की मामा मांडवात येणार होता. पाठीमागे धम्मदिना उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "घाल. घरचं लग्न आहे, मला कळतं. फक्त माझं नाव तेवढं चाळणीवरून काढ."

दीपेशनं अक्षरं खोडली आणि नारळ, पेढे अन् पत्रिका घेऊन पडघ्याची वाट धरली.

मामा ओटीवर बसला होता. समोरच्या रस्त्यानं गोडाऊनकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते आणि मामा ती धूळ अशी निरखत होता, की जणू भाचा आलाच नाही. मामीनं चहा दिला, पेढे आत नेले, पत्रिका देवापुढे ठेवली. मामानं पत्रिकेकडे पाहिलंही नाही. ट्रकांकडे बघतच तो बोलला. गावभर सांगून बसलो होतो, म्हणाला, की माझ्या पोराचं नाव दीपेशच्या यादीत येणार. आता लोकांना काय सांगू? मग आवाज एकदम खाली आला.

"पोरगा पयल्यांदा एके जागेवर बसलाय रे. ऊठ म्हनू नको त्याला."

मामा मानासाठी रुसलाय अशी दीपेशची समजूत होती. मामा घाबरला होता.

एवढ्यात विकीनंच त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. गुळमुळीत काही नको, म्हणाला, खोट काय ती सांग. दीपेशनं साईट कॉम्प्युटरवर उघडून पाहिली होती, त्यानं सांगितलं. साईट जड आहे. मराठी अक्षरं फुटतात. आणि निम्मी डिझाइनं दुसऱ्या कोणाची आहेत.

विकी खाली मान घालून बसला. मग त्यालाच हसू फुटलं. "तिसरी कशी कलली तुला?"

"ज्याचं आहे त्याचं नाव तळाला तसंच राहिलंय."

दोघंही हसत सुटले. बाहेर मामाला वाटलं असणार, की आपल्या रुसण्याची टिंगल चाललीय. पण हसता हसता दीपेशची नजर विकीच्या मागच्या स्क्रीनवर गेली. तिथं एकामागून एक फोटो सरकत होते. लूम बंद असताना तिला टेकून चहा पिणारा कारागीर. गोडाऊनच्या दारात डबे उघडून बसलेले हमाल, एकाच्या हातात दुसऱ्याचं लोणचं. वज्रेश्वरीच्या कुंडाबाहेर ओल्या केसांची बाई, दुकानातल्या बांगड्या हातात चढवून बघणारी. शेअर रिक्षात अवघडून बसलेली आणि तरीही हसणारी माणसं.

चाळणीत फोटोंचा एक विभाग होता आणि तो पहिल्यापासून रिकामा होता. 'इथं ठेवण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही', एवढीच ओळ तिथं होती. जगातले फुकट फोटो पाहावेत तर गोऱ्या बायका काचेच्या ऑफिसात लॅपटॉपकडे बघून उगाच हसत असतात. भिवंडीच्या सूतवाल्याच्या साईटवर त्या बाईनं काय करायचं?

हे कुठून आणलेस, असं दीपेशनं विचारलं. विकी म्हणाला, माझेच आहेत, लग्नाच्या ऑर्डरीला जाता-येता काढलेले, टाईमपास. माणसांना विचारून काढलेत का? विचारूनच काढतो, विकी म्हणाला, न विचारता काढले की शिव्या बसतात. दीपेशला इतका आनंद झाला, की तो विकीच्या पाठीत धपाटा घालूनच उठला.

ओटीवर येऊन त्यानं मामाला सगळं समजावलं. विकीचे फोटो चाळणीत येतील. मात्र आधी दोघं ते कामात वापरून बघतील, मगच.

मामानं त्यातलं शेवटचंच ऐकलं. "म्हंजे आज न्हाय," तो म्हणाला. "बरा हाय. मंग मी पन बगतो, लग्नाला येयाचा का न्हाय."

पुढचे दिवस धांदलीत गेले. घरी मांडवाची लगबग, ऑफिसात विकीच्या फोटोंची. विकीनं स्वतःहून ते वेब वर्ल्ड बंद केलं आणि सगळे फोटो एका साध्या पानावर मांडले, कोणीही घ्यावेत, कामात वापरावेत. ते पान जुन्या फोनवर झटकन उघडलं तेव्हा धम्मदिनानं भुवया वर केल्या. तिच्या बाबतीत ही टाळ्यांच्या कडकडाटाएवढी दाद. दीपेशनं पडघ्याच्या एका दवाखान्याच्या साईटवर दोन फोटो लावले. तिनं नाक्यावरच्या एका सूत व्यापाऱ्याच्या साईटवरची गोरी बाई काढून तो चहा पिणारा कारागीर लावला. हळदीच्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. तो बराच वेळ नुसता हसत होता. "बेटी, ये तो अपने ही लोग हैं," तो म्हणाला. "पहले वाली मेम को अब वापस मत लाना."

संध्याकाळी हळदीला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोलकी तापली होती, चुलीवर वडे उतरत होते आणि मृणाली आपादमस्तक पिवळी झाली होती. विकी कॅमेरा घेऊन आला होता, मामीही आली होती. मामा आला नव्हता. पार्वतीबाई प्रत्येक बाईला हळद लावून झाली की रस्त्याकडे बघत.

धम्मदिना आली तीच फोन काढून. कायदा पुरा झालाय, म्हणाली, नोंद आता करून टाकते. दीपेश अडखळला. आज नोंद केली तर ती मामासाठी केल्यासारखी दिसेल. धम्मदिना म्हणाली, "मामा रुसले तरी आपण नोंद घातली नाही. आता मामा रुसलेत म्हणून थांबवायची का?" आणि तिनं तिथंच, मांडवाच्या खांबाला टेकून, नोंद लिहिली, आणि खोटही.

दीपेशनं मात्र मामाला फोन केला नाही. यायचं तर मामानं मृणालीसाठी यावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

ढोलकी जरा थांबली, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली. मामा कोणाशी न बोलता सरळ मृणालीपुढे गेला, हळदीत बोटं बुडवली आणि तिच्या दोन्ही गालांना लावली.

"यादी-बिदी गेली खड्ड्यान," तो म्हणाला. "तुला बोहल्यावर दुसरा कोन आननार?"

पार्वतीबाई आता मोकळेपणानं रडल्या. विकीनं घाईघाईनं बापाच्या हातात फोन दिला. मामानं तो लांब धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सोडवत वाचू लागला. "भिवंडी आणि आसपासच्या कामकरी माणसांचे फोटो. छायाचित्रकार विकी, पडघा. आमच्या कामात वापरले. असे फोटो आम्हाला दुसरीकडे कुठंही मिळाले नाहीत." मामाची छाती फुगली. मग त्यानं खालची ओळ वाचली. "खोट: कुठला फोटो कुठं ठेवलाय याचा पत्ता लागत नाही. शोधत बसावं लागतं."

दीपेशनं धम्मदिनाकडे पाहिलं. ती खांबाला धरून ताठ उभी होती. मामानं ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली.

"घरान पन तसाच हाय," तो मामीला म्हणाला. "गाडीची चावी कवा सापरलीय याचेकरं?" मग दीपेशच्या खांद्यावर त्यानं हळदीचा हात ठेवला, नवा सदरा पिवळा झाला तरी काढला नाही. "खोट खरी लिवलीय. म्हंजे वरचा पन खरा असंल."

चाळण कशासाठी केली हे दीपेशनं पुष्कळ लोकांना पुष्कळ प्रकारे सांगितलं होतं, पण इतकं नेमकं त्याला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

तेवढ्यात मृणाली बसल्या जागेवरून म्हणाली, "धम्मदिनाताई, आमच्या मामाची पण एक नोंद करा. लहानपणापासून वापरून पाहिलेला. ऐन वेळेला हजर. खोट: लवकर रुसतो."

सगळा मांडव हसला आणि सगळ्यांत जास्त मामा हसला. मग ढोलकी पुन्हा सुरू झाली, त्यानं टोपी काढून बहिणीच्या हातात दिली आणि तो नाचायला उतरला.