अंगठ्याची खूण

साच्यात पातळ माती ओतली की मी या जगात नसते. सायीसारखी ती काठोकाठ भरते, मग प्लास्टरचा साचा हळूहळू तिच्यातलं पाणी पिऊ लागतो. मी बसल्या जागी कुठल्या कुठे जाऊन येते. "पोचल्या का बाईसाहेब?" हे दारातून चिडवतात. मग उरलेली माती बादलीत उलटी करायची. साच्याला आतून चिकटून राहतं ते पातळ कवच, तोच कप.

हा साचा लेकीच्या कपाचा. सहा वर्षांची असताना तिनं हातानं केलेला, वेडावाकडा, पोटावर अंगठा रुतलेला. मूळ कप केव्हाच फुटला. ती खूण आता फक्त साच्यात होती, आणि साचा झिजत चालला होता. कपागणिक खूण पुसट.

"आता ओतणं थांबव. साचा तरी राहील," हे म्हणाले.

"ठेवून काय त्याचं लोणचं घालू?" मी खेकसले. आणि मग मला रडूच आलं. लेक लांब राहते. फोनवर "बरी आहे, कामात आहे" एवढंच. तिचं लहानपण माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, नखाएवढं.

परवा ती दोन दिवसांसाठी आली. मी साचा उघडला तेव्हा शेजारीच उभी होती. मी कप दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला. पोट गुळगुळीत. खूण गेली ती गेलीच. मी कप फळीवर ठेवला.

"किती गोड आहे गं!" म्हणत तिनं तो उचलला.

"अगं बये, ओला आहे तो!"

व्हायचं ते झालं होतं. अंगठा मातीत रुतला. ती लहानपणी चोरी पकडली गेल्यावर व्हायची तश्शी गोरीमोरी झाली.

"बिघडवला ना मी, आई?"

चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या रुतलेल्या अंगठ्यावर गेली.

"बिघडतोय कसला," मी म्हणाले. "काढ अंगठा. हळूच."

ती गेली. कप भट्टीतून भाजून आला. रोज सकाळी मी त्यातच चहा घेते. जुन्या खुणेत माझी करंगळीसुद्धा मावत नसे. हिच्यात माझा अंगठा अगदी बरोबर बसतो. चहा संपला तरी मी तो काढत नाही.