शिव्या नकोत, वारा द्या

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. भर उन्हात तुम्ही घाट चढताय, पाठीवर ओझं आहे आणि कुणीतरी तुमच्या तोंडावर फडकं बांधलंय. वर तोच माणूस ओरडतोय, "धापा काय टाकतोस, नालायका!" आला ना राग? मग माझा राग तुम्हाला नक्की कळेल. मी एक जुना रेडिएटर आहे.

इंजिनात तापलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरतं. समोरून येणारा वारा त्या नळ्यांमधून घुसतो आणि पाणी थंड करतो. पाणी फिरवणं माझं काम. वारा आणून देणं माझ्या हातात नाही. मला शिव्या देणाऱ्यांना एवढी साधी गोष्टही ठाऊक नव्हती.

सातपूरच्या एका शेडमध्ये माझ्या तांब्याच्या नळ्या झाळल्या गेल्या. पहिली नोकरी घोटीचा तांदूळ वाहणाऱ्या टेम्पोत. चालक रंगनाथकाका दर आठवड्याला मला धुवायचे आणि म्हणायचे, "हा गडी कधी तापत नाही." माझी झालेली स्तुती तेवढीच. काका थकले, टेम्पो मोडीत निघाला आणि मी वाल्मीकभाऊच्या हाती सापडलो.

वाल्मीकभाऊ सटाण्याचा कांद्याचा व्यापारी. त्याने आपल्या जीपमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं होतं. रुंद टायर, मोठे दिवे, सगळा थाट केला. फक्त माझी जागा कुणी नीट मापली नाही. मी अरुंद, खोबण रुंद. दोन्ही बाजूंना चार-चार बोटांच्या फटी तशाच राहिल्या. पहिल्याच घाटात पाणी उकळलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा. प्रत्येक वेळी भाऊ खाली उतरून मला लाथ घालायचा.

शेवटी तो सातपूरला, मला त्याला विकणाऱ्या नईमच्या गॅरेजवर येऊन धडकला. सुट्टी असल्यामुळे भाऊची मुलगी हर्षालीही बरोबर होती. रागावला की भाऊ अहिराणीत बोलायचा.

"हाई भंगार शे! फेकी दे! नईमशेठ, तू मला फसवलं. सगळ्या सटाण्यात सांगेन."

"खुशाल सांगा," नईम म्हणाला. "लाथेचे खड्डे कुणी पाडलेत, तेही सांगा."

"जास्त शहाणपणा नको. नवा टाक. हा आत्ताच्या आत्ता भंगारात दे."

भंगारवाल्याची हातगाडी समोरच उभी होती. त्याने माझ्याकडे पाहून तांब्याचा अंदाजही घेतला. मित्रांनो, वितळायची भीती काय असते, ते मला त्या क्षणी कळलं.

"आधी वारा बघू," नईम म्हणाला. "नवा बसवला आणि तोही उकळला, तर लाथा मला घालाल."

त्याने लोकरीचे धागे कापले. "बेटा, तुझे हात बारीक आहेत. हे त्याच्या तोंडावर चिकटव. कडेलाही लाव."

हर्षालीने धागे चिकटवले. नईमने इंजिन सुरू केलं, पंखा फिरू लागला. सगळे वाकून बघू लागले.

"चाचा, कडेचे धागे उलटे उडतायत!"

"बघा भाऊ. इंजिनाची गरम हवा फटीतून पुढे येते आणि पुन्हा हाच ती ओढतो. तापणार नाही तर काय?"

भाऊ गुरगुरला. नईमने ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या कापून दोन्ही फटी बुजवल्या. इंजिन पुन्हा सुरू केलं, तेव्हा कडेचे धागे शांत होते. पण मधले? ते मेल्यासारखे लोंबत होते.

तेव्हा नईमने समोरच्या जाळीकडे बोट दाखवलं. तिथे देवीच्या गडावरून आणलेल्या चुनऱ्या बांधलेल्या होत्या, एकावर एक चार. गाडी तापली की भाऊची आई चतुराबाई आणखी एक बांधायची, लेक सुखरूप घरी यावा म्हणून. पंखा फिरला की त्या जाळीला घट्ट चिकटायच्या आणि माझा श्वास कोंडायचा.

"हात नको लावू!" भाऊ कडाडला. "मन्ही मायनी बांधेल शे!"

"मी लावणारच नाही," नईम दोन पावलं मागे सरला. "तुमची श्रद्धा आहे. सोडायची तर तुम्हीच सोडा."

"मी सोडू? आणि घाटात काही झालं तर?"

"घाटात जे होतंय, ते तर होतंच आहे ना!"

दोघंही एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिले. भंगारवाला कंटाळून म्हणाला, "काढताय की जाऊ?"

"काढ रे, काढ!" भाऊ म्हणाला. नईमने नाइलाजाने इंजिन बंद करून पाना उचलला.

मित्रांनो, कुणी तापलं की लाथ उगारण्याआधी एवढंच बघा: त्याच्यापर्यंत वारा पोचतो आहे का? प्रेमाने बांधलेलं कापडही कधीकधी नाकावर येतं. मला हे ओरडून सांगायचं होतं, पण रेडिएटरला तोंड कुठलं?

हर्षालीने आपले हात धुतले. वडिलांकडे न बघता ती जीपसमोर गुडघे टेकून बसली आणि एकेक गाठ सोडू लागली. "हर्षे!" भाऊ ओरडला. ती थांबली नाही. चारही चुनऱ्या तिने कपाळाला लावल्या, घडी घातली, छातीशी धरल्या.

"चाचा, चालू करा."

मधले धागे ताठ होऊन माझ्या अंगाला चिकटले. गार वारा थेट पोटात शिरला. भाऊ धाग्यांकडे बघत राहिला. मग त्याने भंगारवाल्याला हातानेच जायला सांगितलं.

"आजीला काय सांगशील?" त्याने दरडावून विचारलं.

"मीच सोडल्या म्हणून सांगेन," हर्षाली म्हणाली. चुनऱ्या मांडीवर घेऊन ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने धाडकन दार लावून घेतलं.