गेटासमोर तीन दिवस

शाल खांद्यावर पडायच्या आत द्वारकानं हात आडवा केला.

"थांबा आबासाहेब. आधी आश्रुबाकाकाला वर बोलवा."

चेअरमन आबासाहेब नुकतेच माइकवर गरजले होते, "ही आमच्या सहकारानं घडवलेली लेक! धारूरच्या डोंगरातून थेट भारताच्या संघात!" दोन वर्षं पाऊस नाही, ऊस नाही, कारखान्याचं धुराडं थंड. सत्काराला मात्र लातूरहून फुलं आली होती.

"कोण आश्रुबा?"

"तुमच्याच सहीनं काढलेला वॉचमन."

द्वारकाचा बाप ऊसतोड्या, आई कारखान्याच्या ऑफिसर क्लबात झाडायची. तिथलं बॅडमिंटन कोर्ट फक्त साहेबांच्या मुलांसाठी होतं. दाराआडून बघणाऱ्या दहा वर्षांच्या द्वारकाला आश्रुबा पहाटे कुलूप काढून द्यायचा. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पलीकडं उभा राहायचा आणि दिसेल तसं शटलचं फूल परतवायचा. चार वर्षं हे चाललं. ती जिल्ह्यात पहिली आली, पेपरात नाव छापलं, तेव्हा साहेबांना कळलं. ऊसतोड्याची पोर आपल्या कोर्टावर! आठ दिवसांत आश्रुबा घरी बसला. द्वारका एका मास्तरीणबाईंच्या आधारानं पुण्याला गेली, रेल्वेत लागली, दोनदा राष्ट्रीय विजेती झाली. कारखान्यानं तिला कधी साधी रॅकेट दिली नव्हती.

हे सगळं तिनं माइकवर सांगितलं. मांडवात मागं उभा असलेला म्हातारा आश्रुबा खाली मान घालून निघून गेला.

ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो बाजेवर बसून होता.

"कशापायी बोललीस, पोरी?"

"खोटं बोलले का काका मी?"

"खरंच बोललीस. पर माझी सून, विमल, तिथंच कारखान्याच्या कँटीनात हाय. तू जाशील पुण्याला. आमाला हितंच ऱ्हायचंय."



दुसऱ्या दिवशी विमलला गेटावरूनच परत पाठवलं. "वरून सांगणं आलंय," एवढंच गेटावरचा माणूस म्हणाला.

द्वारका विमलला घेऊन गेटासमोर फुफाट्यात बसली. उन्हानं डोकं तापलं. आबासाहेबांची गाडी काचा वर करून दोनदा गेली. दुपारनंतर तोंडं बांधलेल्या बायका, घागरी तशाच खाली ठेवून, एकेक करून शेजारी येऊन बसू लागल्या.

बसल्याच्या दुसऱ्या दिवशी कोचचा फोन आला. "उद्या सकाळी पुण्यात भारतीय संघाच्या पुढच्या दौऱ्याची निवड चाचणी आहे. निघालीस ना?"

एकोणतिसावं वर्ष, दुखरा गुडघा. ही चाचणी हुकली तर पुन्हा बोलावणं येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"सर, मला नाही जमायचं."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

तिनं फोन ठेवला. विमल रडवेली झाली. "ताई, जावा तुमी. माझ्यापायी कशाला?"

"तुझ्यापायी न्हाई, विमल."

तिसऱ्या दिवशी, पुण्यात चाचणी सुरू झाली असेल त्या वेळी, पेपरवाले आले. तासाभरात गेट उघडलं. आतून कुणीतरी विमलला हाक मारली. माफी नाही, कागद नाही. "चल, चहा टाकायचाय," एवढंच.

विमल पदर खोचून आत गेली. द्वारका गुडघा धरून हळूच उठली, पँटवरची धूळ झटकली आणि एस.टी.च्या थांब्याकडं लंगडत चालू लागली.