अपूर्वला न झालेला आजार

सकाळी साडेआठला अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खिरीच्या पातेल्यात डोकावत सहज सांगितलं, "हर्षिता, उष्टवायला विद्याधरला बोलावलंय हां. तुझा मावसभाऊच की तो. मामाच लागतो."

मी अक्षराचं झबलं बदलत होते. तिचा एक हात बाहीत, एक बाहेर, तसाच राहिला.

"आणि अपूर्व?"

"अपूर्व येऊ दे ना. जेवू दे पोटभर. पण बाळाच्या तोंडात बोट घालायचं म्हणजे..." अण्णांनी आवाज खाली आणला. "कातडीचं दुखणं आहे त्याला. तूच सांगितलंस ना?"

मीच सांगितलं होतं.

आमच्यात मुलीचं उष्टावण पाचव्या नाहीतर सातव्या महिन्यात करतात. मामा बाळाला मांडीवर घेतो, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या जिभेला लावतो. बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय पहिल्यांदा काही जातं, ते मामाच्या हातून. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे गावाच्या टोकाला येलहंकातल्या दोन खोल्या आणि त्यात राहणारा माझा धाकटा भाऊ अपूर्व. दुसरं सख्खं कोणी नाही. महिनाभर तो या दिवसाबद्दल बोलत होता. आईची अंगठी सोनाराकडून उजळून आणली होती त्यानं.

अपूर्व गेली तीन वर्षं रोज लांब स्कर्ट घालतो. ऑफिसला, भाजीला, बँकेत, सगळीकडे. पंचा किंवा लुंगी असती तर या गावात कोणी मान वळवून बघितलं नसतं. पण त्याला शिवलेल्या चुण्या हव्यात, पट्टीची कंबर हवी, दोन्ही बाजूंना खोल खिसे हवेत. चिकपेटेच्या कापडबाजारात जाऊन तो कापड चिमटीत धरून त्याचं वजन बघतो, कारण हलकं कापड वाऱ्यानं उडतं आणि स्कूटरवर पंचाईत होते. लांबी घोट्याच्या दोन बोटं वर, म्हणजे जिन्यात पायात येत नाही. वर साधा खोचलेला शर्ट किंवा आखूड कुर्ता, पायात चपला. वर खाली दोन्ही ढगळ घातलं की माणूस गाठोडं दिसतो, असं त्याचं ठाम मत. मी एकदाच विचारलं होतं, का रे? तो म्हणाला, "चालताना बरं वाटतं, ताई. आणि बरा दिसतो की मी." मला तेवढं पुरलं.

पण मल्लेश्वरमच्या या घरात तेवढं पुरलं नसतं. अक्षरा बारा दिवसांची असताना तो तिला बघायला आला, निळ्या जाड कापडाच्या स्कर्टमध्ये. तो हात धुवायला गेला तेवढ्यात अक्कांनी, माझ्या सासूबाईंनी, मला विचारलं, "काय गं, हे काय घातलंय त्यानं?" माझे टाके ओले होते. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय. कातडीचा त्रास आहे, पँट चालत नाही."

एकच वाक्य. घर शांत झालं. पुढच्या रविवारी अक्कांनी कडुनिंब घालून उकळलेलं तेल बाटलीत भरून दिलं. मी अपूर्वला सांगितलं, केसांना लाव म्हणून दिलंय. त्यानं इमानेइतबारे लावलं. अण्णा तर पाहुण्यांनी विचारायच्या आधीच सांगायचे, पोराला त्रास आहे हो, नाइलाज आहे. माझा नवरा रणजीत तेवढा म्हणाला होता, "आत्ताच खरं सांगून टाक. नंतर जड जाईल." मी म्हटलं, बघू.

दर रविवारी अपूर्व गेला की अक्का अक्षराला कोमट पाण्यानं पुसून काढायच्या. मला वाटायचं, किती माया. त्या का पुसतात ते मला आज सकाळी, खिरीच्या पातेल्याशेजारी उभं राहून कळलं.

मी रणजीतला फोन केला. तो केळीची पानं आणायला गेला होता.

"मी सांगू का अण्णांना?" तो म्हणाला.

"नको. तू नको."

"मग तू सांग. तो यायच्या आत सांग, हर्षिता."

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. अण्णा फोनवर कोणाला तरी घराचा पत्ता समजावत होते. मग शेजारच्या काकू आल्या. मग भीमाचार्य आले, पूजा सांगायला, हातातलं सैल घड्याळ फिरवत. "दहा पन्नासपर्यंतच आहे हं मुहूर्त. बारा वाजता मला राजाजीनगरला दुसरं आहे." मग अक्षरा रडली. दहा वाजले, दहा वीस झाले, आणि मी कोणाला काहीही सांगितलेलं नव्हतं.

अपूर्व आला. पांढरा स्कर्ट, खाली लाल काठ, वर मोहरीच्या रंगाचा आखूड कुर्ता. गुरुवारी त्यानं तीन फोटो पाठवले होते, हिरवा, निळा आणि हा. कुठला घालू? मीच लिहिलं होतं, लाल काठाचा. तो म्हणाला होता, बरं, यावर खीर सांडली तरी दिसायची नाही.

त्यानं खिशातून अंगठीची डबी काढून भीमाचार्यांपुढे ठेवली आणि सरळ मामाच्या पाटावर जाऊन बसायला लागला.

"अपूर्व," अण्णा मऊ आवाजात म्हणाले, "तू इकडे बस, खुर्चीवर. स्वल्प आराम कर. विद्याधर येतोय आत्ता."

"विद्याधर कशाला?"

"उष्टवायला."

अपूर्व हसला. त्याला चेष्टा वाटली. "मग मी काय करू, फुगे फुगवू?"

कोणी हसलं नाही.

"वाईट वाटून घेऊ नको," अण्णा म्हणाले. "आजारपण कुणाच्या हातातलं आहे? बरा हो, मग दुसऱ्या बाळाच्या वेळी तूच."

"कोणाचं आजारपण?"

"तुझं. कातडीचं."

अपूर्वनं आधी अण्णांकडे बघितलं, मग अक्कांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे बघितल्यावर त्याची नजर तिथेच राहिली. अक्षरा माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे झेपावत होती आणि मी तिला धरून ठेवलं होतं.

"ताई?" तो म्हणाला. "मला काय झालंय?"

शेजारच्या काकूंनी पदर सावरला. रणजीत पानांची गुंडाळी घेऊन दारात येऊन थांबला. मला वाटलं, अजूनही काहीतरी सुचेल. बरा झालाय म्हणावं, मागच्या आठवड्यातच रिपोर्ट आला म्हणावं. वाक्य तयारही झालं होतं तोंडात. ते बोलले असते तर त्याला पाट मिळाला असता. आणि पुढच्या रविवारी तो पँट घालून यावा अशी सगळ्यांनी वाट बघितली असती.

"काही नाही झालेलं त्याला," मी म्हणाले. "कधीच नव्हतं. मी खोटं बोलले, अण्णा."

"मग हे?" अण्णांनी बोटानं स्कर्टकडे दाखवलं.

"मला आवडतं," अपूर्व म्हणाला. "रोज हेच घालतो."

"आवडतं म्हणून?"

"हो."

अण्णा खुर्चीत बसले. "म्हणजे सात महिने मी गावभर... दुखणं होतं तेच बरं होतं म्हणायचं."

"अहो," अक्का पुटपुटल्या.

"काय अहो? उद्या लोक विचारतील, तेव्हा काय सांगू?"

"तो म्हणाला तेच सांगा," मी म्हणाले. "आवडतं म्हणून. आणि तो नसेल तर उष्टावण आज नाही. दुसरा मामा नाही तिला."

"चौदा मिनिटं," भीमाचार्य म्हणाले. "मामा कोण ते तुम्ही ठरवा. मला कोणीही चालेल, पण लवकर."

तेवढ्यात विद्याधर आला, धापा टाकत. "सॉरी, पार्किंगच मिळेना." इस्त्रीची पँट, नवा शर्ट. त्यानं सगळ्यांचे चेहरे बघितले आणि चपला काढायचा थांबला.

अण्णा उठले. चष्मा लावला. अपूर्वसमोर जाऊन उभे राहिले.

"पाय दाखव."

"अण्णा!" मी म्हणाले.

"तू थांब. एकदा फसलोय मी."

अपूर्वचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा डबी उचलून चालू लागणार, आणि मी त्याला अडवू शकणार नाही. त्यानं लाल काठ धरून स्कर्ट गुडघ्यापर्यंत उचलला. अण्णा वाकले. नडगी बघितली, पोटरी बघितली, मग दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"बाळासाठी बघतोय," अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग पाठ सरळ करत, "सरी, ठीक आहे. बस पाटावर. विद्याधर, तू फोटो काढ. कमरेवरचे काढ."

"पूर्ण काढ रे, विद्याधर," अपूर्व म्हणाला.

विद्याधर अण्णांकडे बघत राहिला. अण्णांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

अपूर्व बसला. चुण्या उलगडून पाटाबाहेर पसरल्या. मी अक्षराला त्या घोळात ठेवलं, तशी ती मांडीत खोल रुतून बसली. भीमाचार्य भराभर मंत्र म्हणत होते. अपूर्वनं आईची अंगठी खिरीत बुडवली. एक थेंब तिच्या हनुवटीवर पडला. तिनं तोंड वाकडं केलं, जीभ फिरवली, मग दोन्ही हातांनी त्याचं बोट पकडलं आणि सोडेचना. अक्कांनी डोळे पुसले. अपूर्व हसत होता, तिच्याकडे बघून, फक्त तिच्याकडे.

मी नॅपकिन पुढे केला. त्यानं तो घेतला, हनुवटी पुसली, आणि खाली मान घालूनच हळू म्हणाला, "आजारी करून टाकलंस मला."

"अपूर्व..."

"तुला तरी लाज वाटत नाही, असं वाटायचं मला."

नव्हती वाटत रे, असं मला म्हणायचं होतं. पण ते मला तरी पक्कं माहीत होतं का?

पंगत बसली. अपूर्व शेवटच्या पानावर बसला. तो गेला नाही, एवढंच मी मनात धरून होते. मी खिरीचं पातेलं घेऊन वाढत निघाले. अण्णांना वाढली, त्यांनी निमूट घेतली. विद्याधरनं दोनदा घेतली. अपूर्वच्या पानाशी आले तेव्हा त्यानं पानावर आडवा हात धरला.

"नको?"

त्यानं मान हलवली. मागून अक्का भात घेऊन आल्या, तेव्हा त्यानं हात काढला, भात घेतला.

मी पातेलं घेऊन परत पहिल्या पानाशी गेले. भीमाचार्यांना विचारलं, काकूंना विचारलं, रणजीतला विचारलं. सगळे पुरे म्हणाले. मी वाढत वाढत पुन्हा शेवटच्या पानाशी आले आणि पळी भरून, वाकून उभी राहिले.