सकाळपासूनचं मौन

नव्या सुनेला सकाळपासूनच मौन धरायला लावायचं, ही कल्पना माझ्या थोरल्या जावेची, पद्मावहिनींची. मंगळागौरीच्या जेवणाला पूजेच्या मुली मुक्यानं जेवतात, ती आपली रीतच आहे. पण ते मौन उठल्याबरोबर धरायचं आणि जेवण उरकल्यावरच सोडायचं, हे वहिनींनी स्वतःच्या डोक्यातून काढलं. म्हणजे कुणी माहेर विचारलं तर उत्तर द्यायला नको. वर 'काय कडक व्रत करते हो तुमची सून' असं नाव व्हायचं ते वेगळंच.

सून म्हणजे हिमानी. माझ्या पुतण्याच्या, निमिषच्या, बँकेतली. आसामातल्या कोक्राझारची, बोडो जमातीची, नाकडोळे तिकडचे. लग्नानंतर वहिनींनी दूधविनायकापासून रामघाटापर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत 'सून नेपाळकडची, तिकडच्या ब्राह्मणांतली' असं पसरवून टाकलं होतं. नेपाळी ब्राह्मण काशीत चालतो. त्याचं इथं देऊळ आहे, धर्मशाळा आहे. बोडो म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेल्या माणसाला आमच्यात पंक्तीबाहेर बसवतात.

वहिनी वाईट बाई नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या मंगळागौरीला सासूनं त्यांच्या सावळ्या तोंडावर पावडरीचे थर दिले होते. ते त्या अजून सांगतात, हसून. हसून सांगतात, तेच मला सोसत नाही.

हा मौनाचा निरोप हिमानीला द्यायचं काम माझ्याकडे आलं. नकोसे निरोप पोचवणं, पुरण वाटणं आणि सवाष्णी जमल्या की स्वयंपाकघरात राहणं, ही घरातल्या धाकट्या विधवा जावेची कामं. कुणी वाटून दिलेली नाहीत, पण चुकून कधी दुसरीकडे जात नाहीत.

हिमानीनं ऐकून घेतलं. तिला पूजेला बसायचं होतं, अगदी मनापासून. मोबाइलवर बघून बघून गाणी पाठ केली होती, रात्री गच्चीवर माझ्याबरोबर फुगडी घालून पाहिली होती, आणि पूजेचा फोटो कोक्राझारला आईला पाठवायचं कबूल केलं होतं. निमिषला विचारलं तर तो म्हणाला, एक ही दिन की तो बात है. आमच्याकडचे पुरुष अडचणीत आले की हिंदीत शिरतात.

"गप्प राहीन, काकू," ती शेवटी म्हणाली. "पण नेपाळचं नाव निघालं तर मान हलवणार नाही."

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी पत्री आणायला निघालो. इथल्या लोकांचा श्रावण अर्धा सरलेला, आमचा नुकता लागलेला, त्यामुळे गल्लीत कावडवाल्यांची गर्दी ओसरली होती आणि बेलाची पानं तेवढी महाग राहिली होती. हिमानीनं हिरवी साडी नेसली होती, हातभर चुडा, कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. बाईनं बाई म्हणून अंगावर जे जे घालायचं ते सगळं होतं. माझ्या अंगावर त्यातलं काही नाही.

परतताना वळणावर दोघं जण मोटरसायकल आडवी लावून उभे होते. एक जण हिमानीकडे बघून म्हणाला, "ए नेपाली, कितना लेती है?" ती पुढे निघाली तसा त्यानं तिचा पदर धरून ओढला. मी मध्ये पडले, तर तोच माणूस, त्याच तोंडानं, दोन बोटं मागे सरकून मला म्हणाला, "माताजी, आप ज़रा हटिए."

हिमानी ओरडली. तिच्या भाषेत. काय ओरडली ते मला कळलं नाही, पण अशी ओरडली की वरच्या खिडक्या उघडल्या. मग मीही माझ्याजवळ होत्या नव्हत्या तेवढ्या बनारसी शिव्या बाहेर काढल्या. गाडी निघून गेली. पत्रीची पिशवी नालीत. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं सगळं पाहिलं होतं. तो माझ्याजवळ येऊन समजुतीनं म्हणाला की माताजी, ज़माना ख़राब है, नौकरानीला असं नटवून बाहेर काढू नका.

घरी येईपर्यंत हिमानी एकच वाक्य बोलली. "काकू, तुम्हाला ते माताजी म्हणाले."

मी आजवर समजत होते की आम्ही दोघी एकाच दाराआड आहोत. नव्हतो. मला दाराआड बसवतात ते घरातली म्हणून. तिचा तर रस्त्यात भाव विचारला, गळ्यात मंगळसूत्र असताना. या गल्लीत मी इतकी वर्षं मोकळ्या कपाळानं फिरतेय, कुणाची वाकडी नजर करायची छाती नाही, आणि मी मूर्ख, ते माझ्या वागण्याचं फळ समजत होते.

वहिनींना दारातच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, तिच्या दंडावर हात ठेवला, आणि विचारलं, "मौन मोडलं का ग?"

मी ते वाक्य लिहिताना आताही पेन दाबून लिहिते आहे.

मग त्यांना सुचलं की नेपाळ नकोच, नेपाळच्या बायकांबद्दल लोक भलतंसलतं बोलतात, सिक्कीम म्हणू. पण ते घरोघर जाऊन बदलणार कोण? तेव्हा नेपाळच राहिलं, नवी पत्री मागवली, आणि हिमानीला तोंड धुऊन पाटावर बसवलं. ती बसली. गप्प.

चार नव्या मुली तिच्याबरोबर पूजेला आल्या होत्या. रामघाटच्या प्रभावतीबाई आपल्या सुनेला, रुचीला, घेऊन आल्या होत्या. पूजा सांगायला ढुंढिराजशास्त्री. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत, पुरणाच्या पातेल्याशेजारी. हिमानीच्या मौनाचं कौतुक चाललं होतं. प्रभावतीबाई म्हणाल्या, असलं वळण हल्ली कुठं मिळतं, नेपाळात अजून संस्कार टिकून आहेत. वहिनींनी व्याह्यांच्या पशुपतिनाथाच्या भक्तीबद्दल दोन शब्द स्वतःच्या पदरचे घातले.

हिमानीनं हातातली पत्री खाली ठेवली नाही. "मी नेपाळची नाही," ती म्हणाली. तिचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. "कोक्राझारची. आम्ही बोडो. सकाळी गल्लीत एकानं माझा भाव विचारला आणि पदर ओढला, तेव्हा मी ओरडले. मौन तिथंच मोडलंय."

मग प्रभावतीबाई वहिनींकडे झुकल्या आणि हळूच विचारलं, "यांच्यात खातात काय काय?"

भर रस्त्यात पोरीला ओढली, हे ऐकून बाईला पडलेला पहिला प्रश्न आहाराचा. माझ्या हातातला झारा मी खाली ठेवला, कारण तो हातात राहिला असता तर बरं झालं नसतं.

प्रभावतीबाईंना अचानक चक्कर आली आणि त्या रुचीला उठवून घेऊन गेल्या. रुची जिना उतरेपर्यंत मागे वळून बघत होती. वहिनी हिमानीच्या कानाशी लागल्या की घडीभर आत जा, बाकीच्यांची पूजा तरी होऊ दे. निमिष गॅलरीत फोनवर होता. त्या फोनवर पलीकडे कुणी होतं असं मला वाटत नाही. हिमानी उठली आणि माझ्याजवळ आत आली, पत्री मुठीत तशीच.

पूजा पुढे चालली. शास्त्रीबोवांनी नैवेद्य मागितला. मी ताटासमोर उभी राहिले.

"हा नैवेद्य तिच्या मंगळागौरीचा," मी म्हटलं. "ती पाटावर बसेल तेव्हा बाहेर येईल."

वहिनी दारात आल्या. "वैदेही, लोकांत शोभा नको ग."

"शोभा सकाळीच झाली, वहिनी. तेव्हा तुम्ही तिला लागलं का ते नाही विचारलंत."

बाहेर शास्त्रीबोवांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून दोन घरच्या पूजा होत्या. ते मोठ्यानं म्हणाले की लग्न झालं की गोत्र नवऱ्याचं, शास्त्राची काही हरकत नाही, सूनबाईंनी बसावं. शास्त्राला हे आधी का आठवलं नाही, ते मी विचारलं नाही. लग्नानं बाईचं गोत्र बदलतं, नाव बदलतं. तोंड बदलत नाही, आणि सगळा प्रश्न तोंडाचा होता.

हिमानीनं डोळे पुसले. मी ताट तिच्यापुढे केलं. तिनं घेतलं नाही.

"तुम्ही घ्या, काकू. माझ्याबरोबर चला."

मी म्हटलं, मी नसते ग पुढे येत, तुला माहीत आहे.

"मग मी पण नाही येत," ती म्हणाली.

मी पदराला हात पुसले आणि ताट उचललं. वहिनी दारातच उभ्या होत्या. बाजूला व्हायला त्यांना बराच वेळ लागला. पण झाल्या.