हॅरीचा मुलगा, धोंडुबाईची लेक

शिरोलीत आमच्या फाउंड्रीच्या गेटवर गुंडूमामा वॉचमन आहेत आणि त्यांच्यापुढे एक जाडजूड रजिस्टर आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे त्यात तीन रकाने. तिन्ही भरल्याशिवाय मंत्र्यालाही आत सोडणार नाही, असं मामा सांगतात. मंत्री काही अजून आमच्याकडे आलेला नाही. त्या दिवशी मात्र इंग्लंडहून आमचं कास्टिंग तपासायला आलेला माणूस तिथेच अडकला. मी क्वालिटीला आहे, त्यामुळे त्याला आत आणायला मलाच पाठवलं होतं.

"अँड्रू," मामांनी लिहिलं. "वडलांचं?"

मी साहेबाला विचारून सांगितलं. पीटर.

"आडनाव?"

"हॅरिसन," साहेब म्हणाला, आणि आपणहून अर्थही सांगून मोकळा झाला, की हॅरिसन म्हणजे हॅरीचा मुलगा. मी ते मराठीत सांगितलं आणि पस्तावले. मामांनी पेन खाली ठेवलं.

"बापाचं नाव पीटर, आणि पोरगा हॅरीचा? मग ह्यो हॅरी कोण?"

"असेल कुणीतरी जुना, मामा. सहा-सातशे वर्षांपूर्वीचा."

"मग ह्याचं पीटरसन पायजे की. बाप बदलला की नाव बदलाय नगं?"

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर हॅरिसन पोट धरून हसला. आत जाता जाता म्हणाला, तुमच्या वॉचमनचं बरोबर आहे. पूर्वी आमच्याकडेही तसंच होतं, दर पिढीला नवा बाप, नवं नाव. मग कधीतरी नाव कागदावर पक्कं झालं, आणि ज्याच्या वेळी जे लिहिलं गेलं तेच पुढच्या सगळ्यांना चिकटलं. तो हॅरी माणूस म्हणून कसा होता, बायकापोरांना सांभाळायचा की नाही, कुणाला ठाऊक नाही. सह्या मात्र आजही त्याच्या नावानं.

"आमच्या शेजारी एक मेगसन राहतात," तो म्हणाला. "मेग हे बाईचं नाव. विधवा असेल, नाहीतर नवरा सोडून गेला असेल. घर तिनं चालवलं, म्हणून मुलगा तिच्या नावानं ओळखला गेला."

त्याला वाटलं मी हसेन. मला हसू आलं नाही, कारण माझ्या पर्समध्ये माझ्याच लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं.

ते प्रूफ माझ्या चुलत्यांनी, जोतीरामतात्यांनी, मला न विचारता काढून आणलं होतं. 'चि. सौ. कां. निशिगंधा, श्री. केरबा सयाजी वरुटे यांची ज्येष्ठ कन्या.' मी आईची एकुलती एक. ज्येष्ठ कशी झाले, तर तात्यांनी गारगोटीच्या दोघी पोरीही धरल्या होत्या. मी सहा वर्षांची असताना बाप आम्हाला टाकून गारगोटीला गेला आणि तिथे दुसरा संसार थाटला, त्या त्याच्या मुली. पत्रिकेवर काका होते, मामा होते, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणून चुलतभावाचं तीन वर्षांचं पोरगंसुद्धा होतं. आईचं नाव कुठेच नव्हतं. वीस वर्षं फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये, साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करत उभं राहून जिनं मला डिप्लोमा इंजिनिअर केलं, तिचं नाव नव्हतं.

माझं डोकं फिरलं होतं आणि ते फिरलेलंच बरं होतं. रविवारी सकाळी मी तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"तात्या, हे बदलायचं. धोंडुबाई वरुटे यांची कन्या. एवढंच लिहायचं."

"बापाच्या नावाबिगर पत्रिका?" तात्यांचा चहा बशीतच राहिला. "लोक म्हंतील, पोरीचा बाप कोण हाय."

"लोकांना माहीत हाय की. दिवसाढवळ्या ह्याच गल्लीतनं गेलाय, पेटी घेऊन."

"आणि तुझ्या आईचं घालायचं म्हटलं तरी 'श्री. व सौ.' घालाय लागतंय. मग ती गारगोटीची बाई भांडाय येईल."

"म्हणून तर नुसतं आईचं घाला म्हणतोय मी."

"रीत असती बाय एक."

"कुणाची रीत? आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत जुनी नाणी घावलीत. त्यावर राजानं आपल्या नावाआधी आईचं नाव घातलंय. गोतमीचा मुलगा, वासिष्ठीचा मुलगा. त्याची लाज गेली न्हाय, माझी कशी जाईल?"

"ते राजं हुतं."

"आणि आई कामगार हुती. म्हणून काय?"

तात्यांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "तसं असंल तर कन्यादानाला मला बोलवू नगंस."

"बरं," मी म्हणाले आणि निघाले.

विश्वजितला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, फोन केला. तो म्हणाला, आमच्या घरचं मी बघतो, तू छाप. त्याचं सोपं होतं. अवघड होती ती आई.

"घाल गं त्याचं नाव," ती तांदूळ निवडत म्हणाली. "एका वळीनं काय हुतंय? चार लोकांत शोभा नगं."

आईवर मी कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडले. "दहावीच्या सर्टिफिकेटवर त्याचं नाव. डिप्लोमावर त्याचं. पासपोर्टवर त्याचं. मी घाम गाळून मिळवलेल्या प्रत्येक कागदावर तो फुकट बसलाय. हा एक कागद तुझा. तोही त्याला देऊ?"

मग आवाज खाली आणून तिला हॅरीची गोष्ट सांगितली. कोण कुठला माणूस, त्याला बघितलेलं कुणी नाही, आणि सातशे वर्षं त्याचं नाव चालतंय. आपण आता गप्प बसलो तर आपल्यातही केरबाच चालायचा. मेगचंही सांगितलं. आईनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"नवरा गेल्यावर त्या बाईनं पोराला एकटीनं वाढीवलं व्हय?"

"तसंच असेल."

निवडलेले तांदूळ तिनं डब्यात ओतले. मग म्हणाली, "छाप मग."

पत्रिका आल्या. आई सातवी शिकलेली, अक्षर गोल आणि ठळक. पाकिटांवरची नावं मीच लिहिणार म्हणाली. रोज दुपारी पाय पसरून बसायची, पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावायची आणि एकेक नाव लिहायची. कुणाकुणाला पाठवतेय ते मी बघितलंही नाही.

गुरुवारी मी लग्नाच्या रजेवर घरीच होते, तेव्हा दुपारी दारात मोटरसायकल थांबली. बाप होता. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आमची पत्रिका. तात्यांनीच त्याला दिली असणार. केस पिकले होते, गुडघा धरून पायरी चढला. त्याला बघून आपल्याला काय वाटेल याची मी लहानपणापासून तयारी केली होती. वाटला तो फक्त राग, आणि तोसुद्धा शिळा नाही, ताजा.

त्यानं आईकडे बघितलंही नाही. पत्रिका माझ्यापुढे धरली.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं हात वर करून मला थांबवलं. तिनं समोरचा पाकिटांचा गठ्ठा ओढला, मधलं एक पाकीट काढलं, पदरानं पुसलं आणि उठून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं. पाकिटावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, श्री. केरबा सयाजी वरुटे, मु. पो. गारगोटी.

"हितं हाय," आई म्हणाली. "टपालानं धाडणार हुतो. बरं झालं आलासा. लग्नाला या पावणं, जेवल्याबिगर जाऊ नगासा."

आणि खाली बसून तिनं पुढचं पाकीट लिहायला घेतलं.